शेजारचा वर्गही मोज

९ जानेवारी, सोमवार

निवड झाली. तिसऱ्या वर्षाच्या अख्ख्या मेकॅनिकलमधून मोजक्याच जणांना स्वतंत्र संशोधन प्रकल्प मिळाला आणि त्यात मी आहे. विषय आपला आपण निवडायचा, कॉलेज एक मार्गदर्शक देणार, सामानाला थोडे पैसे देणार आणि मार्चमध्ये सगळ्यांसमोर करून दाखवायचं. माझा विषय आहे रस्त्याकाठच्या शाळेतला गोंगाट अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेने कमी करणे. समितीतल्या एकाने विचारलं, हे कुठून सुचलं? मी म्हटलं, घरातून.

घरातून म्हणजे आईच्या घशातून. आई ज्या शाळेत शिकवते तिच्या खिडक्यांना लागूनच हमरस्ता आहे. इतकी वर्षं ती ट्रकच्या वर आवाज काढून पाढे शिकवत आली. आता स्वरयंत्रावर गाठी आल्यात. डॉक्टर म्हणाले, वर्गात असंच ओरडायचं असेल तर उन्हाळ्यानंतर शिकवणं विसरा. जेवढा आवाज उरलाय तेवढा शाळेत वापरायचा, घरी मौन. म्हणून घरी ती पाटीवर लिहिते. बाबा बस चालवतात, इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचे कान गेलेत, त्यामुळे ते घरातसुद्धा स्टँडवर असल्यासारखे बोलतात. एकाला बोलायची बंदी, दुसऱ्याला ऐकायची पंचाईत. भांडणं मात्र अजून व्यवस्थित होतात.

फक्त एक माशी शिंकली. मार्गदर्शक म्हणून परतमोज सर मिळालेत. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. कुठलंही उत्तर घेऊन जा, चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, 'परत मोज.'

१२ जानेवारी, गुरुवार

वाटलं होतं तसंच. ट्रे कसे चिकटवायचे त्याचं चित्र काढून घेऊन गेले तर सरांनी ते उलटं ठेवलं. म्हणाले, ट्रेला हात लावायचा नाही. आधी आईचा वर्ग आहे तसाच मोज. रोज, वेगवेगळ्या वेळी. आणि शेजारचा वर्गही मोज.

मी विचारलं, शेजारच्या वर्गात आपण काहीच लावणार नाही, मग तिथे कशाला?

"म्हणूनच," म्हणाले. आणि चहा प्यायला निघून गेले. हे मार्गदर्शन.

२१ जानेवारी, शनिवार

महिना मोजण्यातच जाणार बहुतेक. आवाज मोजायचं मीटर घेऊन कोपऱ्यात उभी असते, पोरं माझ्याकडे बघून वाकुल्या दाखवतात. वर्गमैत्रिणीचा ड्रोन उडायला लागला, माझं अजून रिकाम्या भिंतींशी संभाषण चाललंय.

आईची पोरं मात्र पेटलीत. घराघरांतून, दुकानांतून ट्रे गोळा करतायत. एकीने आणलेल्या ट्रेमध्ये एक अंडं राहून गेलं होतं, ते दप्तरातच फुटलं. आईने पाटीवर लिहिलं, 'गणिताचं पुस्तक आता वाचवत नाही.' वाचवत या शब्दाखाली दोनदा रेघ. स्वतःच्याच कोटीवर एवढी खूश झाली की हसताना खोकला आला आणि मग बराच वेळ थांबला नाही.

तो खोकला ऐकला की मला सरांचा राग येतो. यांना काय, यांची आई थोडीच आहे.

३० जानेवारी, सोमवार

अखेर ट्रे लागले. भिंती आणि छत, सगळं. वर्ग आतून एखाद्या विचित्र प्राण्याच्या तोंडासारखा दिसतो. मुख्याध्यापिका येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, झुरळं होणार नाहीत ना? पोरांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. घुमणं खरंच कमी झालंय.

घरी बाबांची तक्रार, हमरस्त्यावर पुढच्या चौकात खोदकाम काढलंय, मोठ्या गाड्या सगळ्या मागच्या रस्त्याने वळवल्यात, त्यांच्या बसला रोज उशीर. जेवण होईपर्यंत तेच. मी नुसती मान हलवत होते. आज माझ्या डोक्यात ट्रेशिवाय काही शिरत नव्हतं.

१ फेब्रुवारी, बुधवार

जमलं!

आवाज उतरला. थोडाथोडका नाही, दहा डेसिबल. म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा. मी तीनदा मोजलं, स्वतःहून, परतमोजांनी न सांगता. आई आज घरी आली ती चक्क गुणगुणत. तिने दिवसभर शिकवलं आणि घसा धरला नाही. पाटीवर लिहिलं, 'इंजिनियरीणबाई.' बाबांनी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने माझं कौतुक केलं. अर्थात ते सगळंच शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलतात.

धावत सरांकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले. मग, "शेजारचा वर्ग?"

नव्हता मोजला. ट्रे लागल्यापासून कंटाळा केला होता. खरं सांगते, त्या क्षणी मला ते अतिशय कोते वाटले. आयुष्यात स्वतःला कधी काही जमलं नाही की माणूस असा होत असेल.

४ फेब्रुवारी, शनिवार

बातमी विभागप्रमुखांपर्यंत पोचली. त्यांना आम्ही रिबीन म्हणतो, कारण कुठेही फीत कापायची असली की ते कात्रीच्या आधी हजर. ते स्वतः वर्ग बघायला आले आणि बरोबर अंड्यांचे ट्रे बनवणाऱ्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या मालकांना घेऊन आले. पुठ्ठेवाले भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, असे तयार पॅनेल आपण काढू, रस्त्याकाठच्या चाळीसेक शाळा आहेत, प्रत्येकीला पाच-सहा वर्ग. शाळा वर्गणी काढतील. मार्चमधल्या कार्यक्रमाला त्या सगळ्यांच्या मुख्याध्यापकांना बोलवायचं ठरलं. रिबीन म्हणाले, विभागाच्या इतिहासात असा प्रकल्प झाला नाही.

मी ढगात. सर खिडकीशी उभे राहून रस्ता बघत होते. माणसाने एखाद्याच्या आनंदात जरा तरी तोंड हसरं ठेवावं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

केवळ त्यांचं तोंड बंद करायला म्हणून आज शेजारचा वर्ग मोजला.

तिथेही आवाज तेवढाच उतरलाय.

ट्रे नाहीत, काही नाही. उघड्या भिंती. मीटर बिघडलं असेल म्हणून सेल बदलले. परत मोजलं. मग खिडकीतून खाली पाहिलं आणि बाबांचं खोदकाम आठवलं. रस्त्यावर एक ट्रक नव्हता. सायकली, रिक्षा, एक भाजीची गाडी. गेला आठवडाभर मी ट्रकच्या सुट्टीचं श्रेय अंड्यांच्या ट्रेला देत होते.

पायऱ्यांवर बसून रडले. शिपाईकाकांनी पाणी दिलं आणि विचारलं, नापास झालीस का? मी म्हटलं, अजून नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

सरांना सांगितलं. वाटलं होतं, मी म्हटलं नव्हतं का, असं म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. आधीचे आकडे काढायला लावले, ट्रे लागण्यापूर्वीचे, दोन्ही वर्गांचे. त्यावरून सरळ दिसत होतं की ट्रेने रस्त्याच्या आवाजात काही फरक पडला नाही. वर्गातल्या वर्गात घुमणं थोडं कमी झालं, बास. हलका सच्छिद्र पुठ्ठा बाहेरचा आवाज अडवणार कशाने? हे मला आधीच कळायला हवं होतं. पुस्तकात आहे. पण मला ते खरं व्हायला हवं होतं.

मी विचारलं, आता काय करू? म्हणाले, "प्रकल्प तुझा आहे." एवढंच. दोन वाक्यं बोलले असते तर काय जीभ झिजली असती?

मग मी एकटीच रिबीनकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं, अगदी काकाने पुतणीला समजवावं तसं. ट्रेच्या वर्गाचे आधीचे आकडे खरे आहेत ना? नंतरचे खरे आहेत ना? मग ते दाखव. शेजारच्या वर्गाचं तुला कोण विचारतंय? मी म्हटलं, परतमोज स... म्हणजे, सर विचारतात. ते हसले. म्हणाले, त्यांचं मी बघतो.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आईला सांगायचं धैर्य कालपासून गोळा करत होते. संध्याकाळी बाबा यायच्या आत सांगितलं.

तिने पाटी घेतली. 'मग माझा घसा बरा कशाने वाटतोय?'

"ट्रक नाहीत म्हणून."

'आणि ट्रक परत आले की?'

तिने ओल्या फडक्याने पाटी पुसली, कोरडी होईपर्यंत हातात धरून बसली. मला वाटत होतं ती पोरांचं म्हणेल, एवढे ट्रे गोळा केले, त्यांना काय सांगू. किंवा म्हणेल, राहू दे, दाखव तसंच, तुझं वर्ष महत्त्वाचं. तसं म्हणाली असती तर मी केलं असतं की काय, कोण जाणे. पण तिने पाटी बाजूला ठेवली आणि डॉक्टरांचा नियम मोडला.

"चुकलेल्या उत्तराला मी कधी बरोबरची खूण केली नाही," म्हणाली. आवाज फाटलेला, पण वाक्य पुरं केलं. "पोरांना उद्या मी सांगते. तू पुढचं बघ."

दाखवणार नाही. रिबीनने कात्री गिळली तरी दाखवणार नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार

पुढचं म्हणजे काय ते डोक्यात आलं. आवाज भिंतीतून येत नाही, फटींतून येतो. रस्त्याकडच्या खिडक्यांच्या चौकटीत बोट जाईल एवढ्या फटी आहेत, दाराखालून मांजर जाईल. आईच्याच मजल्यावर टोकाला एक तिसरा वर्ग रिकामा आहे. मुख्याध्यापिकांना म्हटलं, तो मला द्या. फटी बुजवीन, रबराची पट्टी लावीन, रस्त्याकडच्या खिडक्यांना आतून दुसरी जाड काच. त्या म्हणाल्या, झुरळांपेक्षा बरं.

सरांना चित्र दाखवलं. या वेळी उलटं ठेवलं नाही. विचारलं, "आणि मुलं श्वास कशाने घेणार?"

राग आला, मग घरी येऊन विचार केला. अंगणाकडच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. तिकडे आवाज नाही, वारा आहे. हे ते सरळ सांगू शकले नसते?

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दोन गोष्टी झाल्या आणि दोन्हींनी डोकं फिरलं.

सामानाचे पैसे थांबवले. रिबीनचा निरोप, मंजूर प्रकल्प ट्रेचा आहे, फटींचा नाही. मीटरही विभागात जमा करायला लावलं.

दुसरं म्हणजे सरांची खोली रिकामी. शिपाईकाकांना विचारलं तर म्हणाले, सर सकाळी विभागप्रमुख साहेबांकडे गेले होते, दार बराच वेळ बंद होतं, बाहेर आले ते थेट पुस्तकं बांधायला लागले. शोधत गेले तर वर्कशॉपच्या मागे स्टोअररूममध्ये टेबल टाकून बसलेले. प्रयोगशाळाही सोडली म्हणे, आता पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवणार. इथे का, विचारलं. म्हणाले, इथे शांत आहे.

म्हणजे वादळ येतंय दिसल्यावर यांनी आपली होडी किनाऱ्याला लावली. बरोबरच आहे. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असतील, कोण कुणासाठी भांडतं?

मी भांडेन. एकटी.

२० फेब्रुवारी, सोमवार

नशीब कधी कधी वेड्यासारखं मागे लागतं. सरांच्या स्टोअररूममध्ये रबराच्या पट्टीचं अख्खं भेंडोळं 'पडून होतं'. नवं कोरं, दुकानाचं लेबलसुद्धा निघालेलं नाही. कॉलेज काय काय विकत घेऊन विसरून जातं बघा. आणि त्यांच्याकडे घरी एक जुनं आवाजाचं मीटरही होतं म्हणे. रेडिओएवढं, पण चालतं. मी म्हटलं, हे आधी का नाही दिलंत? ते म्हणाले, आधी लागलं नव्हतं.

काच बाबांनी आणली, जुन्या भंगार बसच्या खिडक्यांची. डेपोत कुणाला तरी ओरडून ओरडून पटवलं असणार.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

खोदकाम संपलं. ट्रक परत आले. आई दुपारी घरी आली आणि तिने पाटीसुद्धा घेतली नाही, नुसती हाताने खूण केली, पाणी. डॉक्टरांनी उद्यापासून रजा सांगितलीये. पूर्ण रजा.

मी संध्याकाळपर्यंत टोकाच्या वर्गात फटी बुजवत होते. सर पट्टी धरायला आले होते. दोघांचे हात काळे झाले.

२ मार्च, गुरुवार

टोकाचा वर्ग तयार आहे. सगळे ट्रक चालू असताना मोजलं. ट्रेच्या वर्गात गोंगाट होता तेवढाच. टोकाच्या वर्गात तो एवढा उतरला की बाहेर हॉर्न वाजला तेव्हा मी खिडकीशी जाऊन खात्री केली. सगळे वर्ग मोजले. शेजारचाही. कुणी न सांगता.

संध्याकाळी रिबीनने बोलावून उद्याचं भाषण दिलं, टाइप करून. त्यात फक्त पहिल्या आठवड्याचे आकडे. म्हणाले, टोकाच्या वर्गाचा उल्लेख नको, गोंधळ होतो. आणि वेगळं काही बोललीस तर प्रमाणपत्र विसर.

निमंत्रणात मार्गदर्शक म्हणून त्यांचंच नाव छापलंय. सरांचं कुठेच नाही. सरांना दाखवलं तर म्हणाले, कागद चांगला वापरलाय.

३ मार्च, शुक्रवार

आजचं आजच लिहिते.

कार्यक्रम ट्रेच्या वर्गात. पुढे खुर्च्यांवर पुठ्ठेवाले, रिबीन, बरेच मुख्याध्यापक. मागे बाकांवर आईची पोरं. आई रजेवर असूनही आली होती, शाल गळ्याभोवती घट्ट. सर दाराजवळ उभे.

मी माइक बाजूला ठेवला, कारण माइक असला की काहीच सिद्ध होत नाही. आणि सांगितलं की हे ट्रे रस्त्याचा आवाज अडवत नाहीत. पहिल्या आठवड्यात अडला असं मला वाटलं, कारण ट्रक बंद होते. ज्या वर्गात ट्रे नव्हते तिथेही तेवढंच झालं. माझी चूक होती. काय उपयोगी पडतं ते या मजल्याच्या टोकाला आहे, पाच मिनिटं तिकडे चला.

पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं. मागच्यांना नाही, ट्रक होते. रिबीन उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, विद्यार्थिनी जरा गोंधळली आहे, आणि वेळ कमी आहे तेव्हा आपण थेट सत्काराकडे वळू. टाळ्या सुरू झाल्यासुद्धा. मला रडू येणार असं वाटायला लागलं आणि त्याचाच संताप आला.

तेवढ्यात आई उठली. एक शब्द बोलली नाही. हात वर केला, दोन बोटं, शाळेत रांगेची खूण असते तशी. अख्खा वर्ग उभा राहिला. पोरं दोन-दोन करून तिच्या मागे निघाली, पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून, पुठ्ठेवाल्यांच्या बुटांवरून, दाराबाहेर. सरांनी दार धरून ठेवलं होतं. मी गेले. मुख्याध्यापिका गेल्या. खोलीत उरले फक्त हार, नारळ आणि पाहुणे. मग त्यांतला एक म्हातारा मुख्याध्यापक काठी टेकत उठला, आणि एकेक करत बाकीचेही.

टोकाच्या वर्गात मी दार लावलं. पोरं आपोआप गप्प झाली. मी नेहमीच्या आवाजात, मुद्दाम मागच्या बाकाकडे तोंड करून आकडे सांगितले. सगळे वर्ग, सगळे आठवडे. त्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी खर्च विचारला, मी सांगितला. त्यांनी परत विचारला, कारण त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

पुठ्ठेवाल्यांचा चेहरा लाल. "म्हणजे माझे ट्रे वाईट?"

"नाही," मी म्हटलं. "उत्तम आहेत. अंड्यांसाठी."

हे बोलायला नको होतं असं बाबा म्हणतात. पण तेच त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं.

१० मार्च, शुक्रवार

लेखी माफी मागायची. पाहुण्यांचा अपमान आणि विभागाची बदनामी केल्याबद्दल. नाहीतर प्रकल्प रद्द, गुण शून्य. वर्ष वाया जाणार नाही, पण गुणपत्रिकेवर ते भोक कायमचं.

बाबा म्हणाले, सॉरी म्हणून मोकळी हो, शब्दाला काय वजन असतं. मी म्हटलं, वजन नसेल तर त्यांना हवाय कशाला?

गेले आणि तोंडावर सांगितलं की मागणार नाही. प्रकल्प रद्द करा, पण ते आकडे रद्द होत नाहीत. रिबीन म्हणाले, तूही त्यांच्याच वळणावर गेलीस. कुणाच्या ते काही बोलले नाहीत.

शून्य मिळालं. जिना उतरताना मात्र मला भूक लागली होती, कितीतरी दिवसांनी.

१२ मार्च, रविवार

त्या म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी त्यांचे दोन वर्ग करायला बोलावलंय. पुठ्ठेवाल्यांचे पॅनेल कुणीच मागवले नाहीत म्हणे.

आई पाटीवर लिहिते, 'तुझ्या सरांना जेवायला बोलव.' मी म्हटलं, कशाला? त्यांनी काय केलं? संपूर्ण दोन महिन्यांत मोजून दहा वाक्यं बोलले. आणि कटकट नको म्हणून स्वतःहून अडगळीत जाऊन बसले.

आईने माझ्याकडे बराच वेळ असं पाहिलं, जसं ती सात आठे चौपन्न म्हणणाऱ्या पोराकडे बघते. मग लिहिलं, 'पुढच्या रविवारी बोलव. मी स्वतः वाढणार आहे.'

बोलावते. तिची हौस.

२० मार्च, सोमवार

डॉक्टरांनी अर्धा दिवस परवानगी दिली. अट एकच, आवाज चढवायचा नाही. मुख्याध्यापिकांनी तिचा वर्ग टोकाच्या खोलीत हलवला. ट्रे काढायला पोरांना जास्त मजा आली, लावायच्या वेळेपेक्षा.

मी शेवटच्या बाकावर बसले होते. मी स्वतः याच शाळेत आईच्या हाताखाली शिकले. तिचा शिकवण्याचा आवाज म्हणजे वरच्या पट्टीतला, ताणलेला, शब्दाच्या शेवटी तुटणारा. आज तिने दार लावलं, फळ्यावर तारीख लिहिली आणि वळून बोलायला लागली. हळू. मला वाटलं ती कुणाशी तरी खाजगी बोलतेय. अपूर्णांक होते. एक भाकरी, चार माणसं. बाहेरून ट्रक गेला, काच किंचित थरथरली आणि तिचं वाक्य मात्र मधेच थांबलं नाही. माझ्यापर्यंत, भिंतीपर्यंत, पुरं पोचलं.

पोरं अस्वस्थ झाली. एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, आज तुम्ही रागावल्या नाही का?"

आईने खडू खाली ठेवला. मग माझ्या डोक्यावरून, खिडकीबाहेर, कॉलेजच्या दिशेला पाहिलं.

"रागावलेय ना," ती त्याच हळू आवाजात म्हणाली. "पण तुमच्यावर नाही. वही काढा."